पीळ शाबूत हवा

सकाळी ७.००

पाळी बदलते आहे. सुरतच्या पांडेसरा जीआयडीसीतल्या आमच्या डाइंग मिलच्या फाटकातून रात्रपाळी बाहेर पडते आणि दिवसपाळी आत शिरते. सात ते सात, बारा तासांची पाळी. हिंदी, भोजपुरी, ओडिया, गुजराती आणि आमची खानदेशी एकाच वेळी कानावर येतात. नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसं या शहराच्या कापडधंद्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उधना आणि लिंबायतच्या गल्ल्यांत मराठी सहज ऐकू येते आणि सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते.

"बरं शे ना ताई?" स्टेंटरवरचे नाना विचारतात. मी मान हलवते आणि त्यांना सांगते, "नाना, आज क्रेप आहे. दुपारी मशीनवर मी स्वतः येते." ते हसतात. क्रेपचा लॉट असला की मी त्यांच्या डोक्यावर उभी राहते, हे त्यांना ठाऊक आहे.

मी इथल्या प्रयोगशाळेत आहे. ग्रे कापड आत येतं तिथपासून साडी घडी होऊन बाहेर जाते तिथपर्यंत त्याची तपासणी करणं हे माझं काम. मिलमध्ये पुष्कळ जातींचं कापड होतं, पण माझा जीव क्रेपमध्ये आहे. रोज लोकलने, बसने कामावर जाणारी बाई, शाळेतली शिक्षिका, दवाखान्यातली नर्स जी न चुरगळणारी साडी नेसते ती बहुतेक हीच. तिच्याकडे 'सिंथेटिक' म्हणून नाक मुरडण्याआधी ती कशी होते हे एकदा पाहायला हवं.

सकाळी ७.३०

ग्रे गोदामात आजचे ताके उघडले. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड. हे क्रेप आहे असं सांगूनही कुणाला पटणार नाही: सपाट, ताठ, कागदासारखं वाजणारं, मळकट पांढरं. पन्हा साठ इंचांच्या वर. साडीला पंचेचाळीस इंच पुरे असताना इतका रुंद पन्हा कशाला, तर हे कापड पुढे पाण्यात आकसणार आहे म्हणून.

ताक्याच्या टोकाचा एक तुकडा कापून घेते. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा ओढून काढला आणि दोन्ही टोकं जवळ आणली, की तो आपल्या आपण स्वतःभोवती गुंडाळतो. इथेच क्रेप सुरू होतो.

सकाळी ८.००

प्रयोगशाळेत पीळ मोजायचं यंत्र आहे. धागा दोन चिमट्यांत धरायचा आणि एक चिमटा उलटा फिरवत धाग्यातले तंतू समांतर होईपर्यंत वेढे मोजायचे. आजचा धागा ७५ डेनियरचा, म्हणजे नऊ हजार मीटरचं वजन ७५ ग्रॅम. इतक्या बारीक धाग्यात छत्तीस तंतू. साध्या कापडाच्या धाग्याला मीटरला काहीशे वेढे असले तरी चालतं; क्रेपच्या बाण्याला दोन हजारांच्या वर लागतात. आजचा नमुना त्यात बसला.

पीळ नुसता असून भागत नाही, तो दोन दिशांचा हवा. डाव्या पिळाचे दोन धागे, मग उजव्या पिळाचे दोन, असा क्रम मागावर ठेवतात. सगळा पीळ एकाच दिशेचा असला तर कापड एका अंगाला ओढलं जाईल. दोन्ही दिशांनी ओढ समान असली की ते जागच्या जागी खडबडतं. या क्वालिटीत ताण्याचा धागा साधा आणि बाण्याचा पिळाचा आहे. जॉर्जेटमध्ये दोन्ही पिळाचे असतात.

इतका पीळ भरलेला धागा मोकळा सोडला तर मागावर गाठीच होतील. म्हणून पिळाईवाले बॉबिन वाफेच्या बंद भांड्यात घालून पीळ तात्पुरता शांत करतात. खऱ्या रेशमात हेच काम रेशमाचा नैसर्गिक डिंक करतो. म्हैसूरला १९१२ साली नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी रेशमाची गिरणी उभी केली. तिथल्या प्रसिद्ध क्रेप साड्यांचं मर्मही हेच: विणताना डिंक पीळ धरून ठेवतो आणि नंतर साबणाच्या गरम पाण्यात डिंक निघाला की पीळ उसळतो. सुरतमध्ये रेशमाची ही रीत पॉलिएस्टरवर वापरतात. सुरतची साडी ही रेशमाची नक्कल आहे असं म्हणतात. ते खरं आहे, आणि मला त्यात काही लाजिरवाणं वाटत नाही. ज्या बाईला रेशीम परवडत नाही तिलाही अंगावरून तसंच ओघळणारं कापड हवं असतं.

सकाळी ९.००

ड्रम. दिवसातलं माझं सगळ्यात आवडतं काम हे.

स्टीलचा मोठा आडवा ड्रम, आत कप्पे. कापड सैल भरायचं, दाबून नाही. पाणी, थोडा साबण, थोडा सोडा, आणि मग तापमान हळूहळू चढवत न्यायचं. ड्रम फिरतो, कापड वर उचललं जातं आणि पाण्यात आपटतं. त्याला कुठेही ताण नाही. वाफेने शांत केलेला पीळ उष्णतेने जागा होतो. धागा उलगडायला बघतो, पण विणीने त्याला बांधलेलं असतं. फिरायला जागा नाही म्हणून तो आखडतो, वर उचलला जातो, बारीक बारीक कमानी करतो. एक धागा इकडे, शेजारचा तिकडे. असे लाखो धागे एकाच वेळी आखडले की सपाट कापडावर रव्यासारखा दाणा उठतो.

घाई केली तर सगळं बिघडतं. तापमान एकदम चढवलं तर बाहेरचा पदर आधी आखडतो, आतला मागे राहतो आणि दाणा कुठे जाड कुठे बारीक येतो. ड्रम जास्त भरला तर कापडाला हलायला जागा राहत नाही आणि त्यावर मोडी पडतात. लॉट लवकर काढायचा दबाव रोजचाच. ड्रमवर मात्र मी घड्याळ चालू देत नाही. ड्रम चालवणारी पोरं ओडिशातली आहेत. त्यांचा हात आता इतका बसला आहे की कापड बाहेर काढून मुठीत धरलं तरी दाणा पूर्ण उठला की नाही ते सांगतात.

बाहेर आलेल्या कापडाचा पन्हा मोजला: पंचेचाळीस इंचांपेक्षा किंचित कमी. सकाळचं ते वाजणारं कागदी कापड आता हातात मऊ, जड आणि लवचीक लागतं. सुरकुत्या पडत नाहीत म्हणून ज्या कापडाची ख्याती आहे, त्याच्यात आधी अशा बारीक सुरकुत्या मुद्दाम घालाव्या लागतात. उजेड सपाट कापडावर पडला की एक मोड लांबून दिसते. दाणेदार कापडावर तोच उजेड चहूकडे पसरतो आणि मोड त्यात हरवते. शिवाय पिळाचा धागा स्प्रिंगसारखा असतो, वाकवला तरी उसळून जागेवर येतो.

सकाळी १०.३०

कॉस्टिकचं काम. गरम कॉस्टिक सोडा पॉलिएस्टरचा वरचा थर खातो, तंतू बारीक होतो आणि विणीत थोडी मोकळी जागा तयार होते. कापड ओघळू लागतं ते यानंतर. आज वीस टक्के वजन काढायचं आहे. आधी आणि नंतर नमुना वजन करून पाहायचा, इतकंच माझं काम. पण गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय तिथे कुणाला उभं राहू देत नाही. कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. वजन गरजेपेक्षा जास्त काढलं तर साडी सुंदर पडते आणि शिलाईपाशी उसवते.

सकाळी ११.१५

रंगाई. आज बॉटल ग्रीन आणि राणी. जेट मशीन म्हणजे मोठा बंद कुकर. कापड दोरासारखं होऊन पाण्याच्या झोताबरोबर आत गोल फिरत राहतं. पॉलिएस्टरचा रंग पाण्यात विरघळत नाही, त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगतात. दाबाखाली पाणी १३० अंशांवर नेलं की तंतूची आतली वीण सैल होते आणि रंग त्यात शिरतो. थंड झालं की तो आत अडकतो. धुतल्यावर सुरती साडीचा रंग सहसा जात नाही, त्याचं कारण हे.

मशीनवर पांडेजी आहेत, गोरखपूरकडचे. रंग चढवताना त्यांना काही सांगावं लागत नाही, पण उतरवताना मी जाऊन उभी राहते. १३० अंशांवरून कापड मिनिटाला एखाद-दीड अंशाने थंड करायचं असतं. गार पाणी एकदम सोडलं तर दोरासारख्या कापडाला त्या क्षणी ज्या मोडी असतील त्या तशाच गोठतात. पॉलिएस्टरचा स्वभावच असा आहे: साधारण ७०-८० अंशांच्या वर त्याच्या रेणूंची साखळी हलू लागते आणि थंड होताना ज्या स्थितीत असेल ती त्याची कायमची स्थिती होते. ज्या गुणामुळे साडी चुरगळत नाही, त्याच गुणामुळे मशीनमध्ये पडलेली मोड पुढे घरच्या इस्त्रीला दाद देत नाही.

छटा जुळवायला लाइट बॉक्स आहे. दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली, दुकानातल्या ट्यूबखाली आणि पिवळ्या बल्बखाली, अशा तिन्ही ठिकाणी राणी रंग तोच दिसला पाहिजे. ग्राहक दुकानात साडी घेते ट्यूबखाली आणि नेसते लग्नात दुपारच्या उन्हात. दोन्हीकडे रंग वेगळा दिसला तर फसवणूक झाली असं तिला वाटणारच.

दुपारी १.००

चेकिंगच्या बायका आणि मी एकत्र जेवतो. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही सगळी गावं सुरत-भुसावळ लाइनवरची, त्यामुळे गावाला जायची गोष्ट निघाली की गाडीची वेळ निघतेच. वैशाखात लग्नं असतात. एक मावशी सांगत होत्या, "जनरल डब्यात उभ्याने जायचं, पिशवीत साडी कोंबायची, उतरलं की मंडपात. सुती नेसली असती तर झोपून उठल्यासारखी दिसले असते."

सुती कापड चुरगळतं त्याचं कारण पाणी. कापूस हवेतला ओलावा धरतो, साधारण साडेआठ टक्के. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. कापसाच्या साखळ्या एकमेकींना नाजूक बंधांनी धरून असतात. घामाने, दमट हवेने ते बंध सुटतात आणि कापड जसं वाकलेलं असेल तसेच पुन्हा जुळतात. बसलं की मांडीवर, कोपरात घडी पडते ती अशी. इस्त्री करताना आपण पाणी शिंपडतो तेही हेच बंध सोडवण्यासाठी.

पण याच कारणाने सुती साडी घाम टिपते आणि क्रेप टिपत नाही. मे महिन्यात आमच्या शेडमध्ये क्रेप नेसून दिवसभर उभं राहणं ही शिक्षा आहे. म्हणून चेकिंगच्या बायका स्वतः कामावर सुती ड्रेस घालतात. न चुरगळणारं कापड सगळ्या ठिकाणी चांगलं, असं मी कधीच म्हणणार नाही.

दुपारी २.१५

स्टेंटर. सकाळपासून वाट पाहायची ती या कामाची.

लांबलचक भट्टी, दोन्ही बाजूंना सरकती साखळी, साखळीवर सुया. कापडाच्या कडा सुयांवर बसतात आणि ते १९० अंशांच्या गरम हवेतून अर्ध्या-पाऊण मिनिटात पार होतं. पुढे थंड हवा. इथे कापडाला त्याचा शेवटचा आकार मिळतो. आधीच्या कुठल्याही पाण्यापेक्षा हे तापमान जास्त असल्यामुळे कापड आता हीच स्थिती धरून ठेवणार. घरात साडी धुतात कोमट पाण्यात, वाळवतात उन्हात. त्यातलं काहीही १९० अंशांच्या जवळपास जात नाही. आज इथे मिळालेली सपाटी ती साडी फाटेपर्यंत टिकेल. घरोघरच्या बायकांची रोजची इस्त्री नाना इथे एकदाच करून देतात, आणि त्या भट्टीच्या तोंडाशी बारा तास उभे राहून करतात.

आणि नेमकं इथेच क्रेप मारला जातो.

ड्रममध्ये उठलेला दाणा टिकवायचा तर कापड सुयांवर सैल सोडावं लागतं. साखळीच्या वेगापेक्षा कापड जरा जास्त वेगाने आत द्यायचं, याला आम्ही ओव्हरफीड म्हणतो. तसं केलं की लांबी कमी भरते. उलट कापड ओढून घेतलं की लांबी वाढते. शंभर मीटरमध्ये चार-पाच मीटर जास्त निघाले तर त्यातून जवळजवळ एक साडी निघते. व्यापाऱ्याला ती साडी दिसते. दाणा सपाट झाला हे त्याला दिसत नाही किंवा दिसलं तरी चालतं. ज्यांच्यासाठी आम्ही जॉबवर्क करतो त्यांच्यातल्या काहींचा आग्रह असतो, "मीटर काढा." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमचा पीळ भट्टीत जळत नाही, पण ताणून सपाट केला की असून नसल्यासारखा होतो. ते कापड क्रेपच्या नावाने विकलं जातं, दुकानात गुळगुळीत चमकतं आणि पहिल्या प्रवासातच मांडीवर मोडी दाखवतं, कारण मोड लपवणारा दाणा नाही आणि उसळून येणारा मोकळा धागाही नाही.

मी याला चोरी म्हणते. वजनात मारलेली दांडी ग्राहकाला तराजूवर दिसते तरी. ही दिसत नाही.

नानांना मी आज ओव्हरफीडचा आकडा लिहून दिला आणि पन्हा पंचेचाळीसच्या पुढे न्यायचा नाही हेही. "मालकाचा फोन आला तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझ्याकडे द्या." फोन आला. मी दोन नमुने मालकांच्या टेबलावर ठेवले, एक ओढलेला आणि एक सैल सोडलेला, दोन्ही मुठीत आवळून दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि सैल सोडलेलाच चालू ठेवा म्हणाले. दरवेळी असंच होतं असं नाही.

दुपारी ४.००

प्रयोगशाळेत घडीची चाचणी. कापडाची छोटी पट्टी दुमडायची, अर्धा किलो वजनाखाली पाच मिनिटं ठेवायची, वजन काढायचं, आणखी पाच मिनिटं मोकळी सोडायची आणि ती किती अंश उघडली ते मोजायचं. पूर्ण सरळ झाली तर १८०. आजचा क्रेप १४८. तुलनेसाठी साधं सुती कापड लावलं तर ते बहुधा शंभरही गाठत नाही.

कापसालाही हे शिकवण्याचे प्रयत्न जुने आहेत. मँचेस्टरच्या टूटल कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी १९२०च्या दशकात सुती कापडात राळ बसवून ते चुरगळणार नाही अशी प्रक्रिया काढली. पुढे अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या बाईंनी कापसाच्या साखळ्या एकमेकींना रसायनाने पक्क्या बांधण्यावर मोलाचं काम केलं. आज 'रिंकल फ्री' म्हणून मिळणारे सुती शर्ट त्या वाटेवरचे. प्रयोगशाळेत बसणाऱ्या प्रत्येक मुलीला त्यांचं नाव माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पण त्या शर्टांची किंमत कापूस मोजतो. साखळ्या बांधल्या की त्यांची लवचीकता जाते, कापडाची ताकद घटते, कॉलर आणि बाहीच्या कडा लवकर झिजतात. प्रक्रियेत फॉर्माल्डिहाइड वापरलं जातं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची नोंद माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली. आता ते कमी सोडणारी रसायनं निघाली आहेत. तरीही असा नवा शर्ट एकदा धुतल्याशिवाय अंगात घालू नये, लहान मुलांच्या तर नाहीच.

पॉलिएस्टरला हे काही बाहेरून घालावं लागत नाही. १९४१ साली इंग्लंडमध्ये विनफिल्ड आणि डिक्सन यांनी हा तंतू बनवला. आपल्याकडे आमच्या वडिलांच्या पिढीने तो टेरिलिनचा शर्ट आणि टेरिकॉटची पँट म्हणून पाहिला. क्रेप त्याच तंतूचा, फक्त त्यात पीळ भरलेला.

सायंकाळी ५.३०

पाण्याचे नमुने. ड्रमचं, कॉस्टिकचं, जेटचं, सगळं पाणी मिलच्या टाकीत येतं आणि प्राथमिक शुद्धी होऊन वसाहतीच्या सामायिक प्रक्रिया केंद्रात जातं. आम्लता आणि रंग दोन्ही नोंदवले. या धंद्याला पाणी किती लागतं ते सांगून बाहेरच्या माणसाला पटत नाही. यात सुरतने एक चांगलं काम केलं आहे: बमरोलीला २०१४ पासून शहराचं सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून ते पांडेसऱ्याच्या कारखान्यांना दिलं जातं, दिवसाला चार कोटी लिटर क्षमतेने. तापीचं पिण्याचं पाणी तेवढं वाचतं. तरी खाडीचं पाणी काळं दिसतं तेव्हा आमच्या वाट्याची जबाबदारी संपली असं मला वाटत नाही.

सायंकाळी ६.३०

फोल्डिंग. चेकिंगच्या टेबलावरून कापड सरकतं, मावशी डाग आणि तुटका धागा खडूने खुणावतात. घडी होते, शिक्का बसतो, गाठी टेम्पोत चढतात. उद्या सकाळी त्या रिंग रोडच्या मार्केटमध्ये असतील. तिथून पुढे मालेगाव, पुणे, सोलापूर, नागपूर, कुठेही.

त्यांतली एखादी तुम्ही घ्याल, म्हणून सांगते. मूठभर कापड अर्धा मिनिट घट्ट आवळा आणि सोडा. मग ते तिरप्या उजेडात धरा; दोन्ही बाजूंना दाणा दिसला पाहिजे. रुळाने नुसता ठसा उठवलेलं कापडही क्रेप म्हणून विकतात, म्हणून पदराच्या कडेचा एक आडवा धागा काढून बोटांत उलटा फिरवा. बरेच वेढे द्यावे लागले आणि मग तंतू सुटले, तर पीळ खरा आहे. लगेच पसरले, तर तो क्रेप नाही. घरी थंड पाण्यात धुवा, पिळू नका, तशीच वाळत घाला. इस्त्री लागलीच तर सिंथेटिकच्या खुणेच्या पुढे नेऊ नका. आणि ही साडी नेसून गॅसपाशी उभं राहू नका. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. स्वयंपाकाला सुतीच नेसा.